दूर बसण्याचं निमित्त

वसंताबाईंना राग येतो, हे चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या गल्लीत पाण्याच्या लॉरीवाल्यापासून भाड्याच्या खोल्यांच्या मॅन्शनमधल्या बिनलग्नाच्या पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लॉरी उशिरा आली की त्या कमरेला पदर खोचून दारात उभ्या राहायच्या, आणि मग लॉरीवाला आपण होऊन दोन घागरी जास्त द्यायचा. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केलेली बाई. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, बोलणारी बायको कुणाला हवी असते? नातेवाईक मागे म्हणायचे, जिभेला हाड नाही म्हणून राहिली. घराणं मूळचं तंजावरचं, घरात जुनी मराठी, बाहेर तमिळ, आणि भांडताना दोन्ही.

लॉरीवाल्यावरचा, पेपरवाल्यावरचा राग हा रोजचा किरकोळ. त्यांचा खरा राग एकच होता आणि तो अकरा वर्षं त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत बसून होता. त्या पडवीत त्यांची वहिनी राजसबाई मरणाला टेकली होती, आणि घरातल्या कुणाला ते दिसलं नव्हतं.

राजसबाई म्हणजे थोरल्या भावाची, व्यासराजांची बायको. घर कडक सोवळ्याचं. देवघरात शाळिग्राम, पूजा व्यासराज स्वतः करणार. बाईला कावळा शिवला की तिनं मागच्या पडवीत चटईवर बसायचं, वेगळं ताट, वेगळा पेला, तीन दिवस कुणाला शिवायचं नाही. राजसबाईंचं हे वयोमानाप्रमाणे थांबलं होतं. तीनेक वर्षांनी पुन्हा रक्त दिसलं. आता कुठल्याही शहाण्या घरात काय करतील? डॉक्टरकडे नेतील. या घरानं काय केलं? पाळी परत आली म्हणून तिला दूर बसवलं. आणि ती बसली. बिचारी स्वतःहूनच चटई घेऊन गेली. मग महिन्यातून दोनदा बसू लागली, मग सगळा महिनाच. देवाला चालत नाही म्हणून स्वयंपाकघर सुटलं, देऊळ सुटलं. व्यासराज कुरकुरायचे की हल्ली हिचं सोवळ्याचं फार अडतं. बाई पांढरीफटक पडली, पाय सुजले, तरी सगळ्यांच्या डोळ्यांना दिसला तो फक्त विटाळ. एक दिवस चटईवरच शुद्ध हरपली तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी तपासलं आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सांगितला. वर्षभर आधी आणायला हवं होतं म्हणाले. डॉक्टर हे नेहमीच म्हणतात, पण या वेळी ते खरं होतं.

सहा महिन्यांत राजसबाई गेल्या. आणि त्याच दिवशी, बाई अजून घरात असताना, पुरुषमंडळींनी ठरवलं की बाहेर सांगायचं, पोटात गाठ होती. कारण धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. चेन्नईतला हा तंजावरी मराठी समाज केवढा? मूठभर. कुणाच्या आत्याची नणंद कुणाच्या मामाची विहीण निघते. एका घरात शिंक आली की तंजावरपर्यंत सर्दी पोचते. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलीचं लग्न झालं, ती बंगळूरला गेली, आणि मूठ झाकलीच राहिली. व्यासराज मुलाकडे, सुधींद्रकडे अण्णा नगरला फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिरुवल्लिकेणीच्या भाड्याच्या जुन्या घरात वसंताबाई एकट्या उरल्या. राजसबाईंचं ते वेगळं ताट त्यांनी कढीलिंबाच्या कुंडीखाली ठेवून दिलं. त्यात पाणी साचायचं आणि चिमण्या यायच्या.

आता २००९ साल. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि समाजाच्या मंडळाचं महिलांचं काम वसंताबाईंकडे होतं. दरवर्षी कुणीतरी पाककृती सांगायचं किंवा अभंग म्हणायचं. यंदा त्यांनी एग्मोरच्या डॉक्टर अलमेलूंना बोलावलं. अलमेलूंची आई एक्स्चेंजमध्ये वसंताबाईंच्या शेजारच्या बोर्डावर बसायची. या कॅन्सरवर लस आली आहे, मुली लहान असतानाच ती द्यायची, असं अलमेलूंनी त्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी वसंताबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या होत्या. अकरा वर्षांनी आली म्हणून नव्हे, आली म्हणून. आणि पहिलं नाव त्यांच्या मनात आलं ते नित्याचं. नित्या म्हणजे सुधींद्रची मुलगी, राजसबाईंची नात, बारा वर्षांची, आदल्या दिवाळीत न्हाण आलेली.

मंडळाचे चिटणीस चंद्रमौळी बँकेतून निवृत्त झालेले. कॅन्सर हा शब्द हळदीकुंकवाच्या पत्रिकेत अशुभ म्हणून त्यांनी परस्पर विषय बदलून ‘स्त्रियांचे आरोग्य आणि आहार’ असा छापून घेतला. अलमेलू चांगलं बोलल्या. सोप्या तमिळमध्ये, हळू. पण हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो तो नवराबायकोच्या संबंधातून जातो असं त्या म्हणाल्या मात्र, चंद्रमौळी उठले, हरभऱ्याच्या उसळीचं सुंडल वाटायला सांगितलं आणि माइक हातात घेतला.

“डॉक्टरांचे आभार,” ते म्हणाले. “दुसऱ्या समाजांत हे असेल. आम्हांत हे दुखणं एकीलाही झालं नाहीं. आमच्या पोरी सोवळ्यांत वाढतात.”

बायकांनी माना डोलावल्या. का डोलावणार नाहीत? त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं ना. जी गेली ती पोटाच्या गाठीनं गेली, अशक्तपणानं गेली, कुणाची दृष्ट लागून गेली. आधी आपणच लपवायचं आणि मग आपल्यात नाहीच म्हणून छाती काढायची, याला काय म्हणावं? बायकांत खरं माहीत असलेल्या आपण एकट्याच, असं वसंताबाईंना वाटलं. पुढच्या रांगेत व्यासराज डोळे मिटून बसले होते. सुंडल खाऊन बायका घरी गेल्या आणि अलमेलूंनी आणलेली पत्रकं खुर्च्यांवर तशीच पडून राहिली.

त्याच आठवड्यात वसंताबाई अण्णा नगरला गेल्या. सुधींद्रला समजुतीनं सांगायचं, असं बसमध्ये त्यांनी स्वतःला बजावलं होतं. सुधींद्र मोटारीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, शिकलेला. त्यानं आत्याचं ऐकून घेतलं आणि मग एकेक कारण काढलं. लस नवी आहे. परदेशी कंपन्या आपल्यावर प्रयोग करतात. पुढे मूल होण्यात अडचण आली तर? त्यानं मुलांच्या डॉक्टरांनाही विचारलं होतं, आणि ते हसून म्हणाले होते की तुमच्यासारख्या चांगल्या घरातल्या मुलीला घाई नाही. वाहवा रे डॉक्टर. उंटावरचे शहाणे गावोगाव असतात, पण यांनी तर भिंतीवर पदवी टांगली होती. चांगलं घर म्हणजे काय, विषाणू काय दारावरची पाटी वाचून आत येतो? शेवटी सुधींद्रनं मनातलं काढलं. हे इंजेक्शन मुलीला दिलं असं कळलं तर लोक म्हणतील, बापाचा पोरीवर भरवसा नाही. उद्या पत्रिका कोण घेईल हातात?

वसंताबाईंनी तरी धीर धरला होता. अलमेलूंनी त्यांना बजावलं होतं की हा विषाणू सर्दीपडशासारखा साधा आहे, सज्जन माणसांना होतो, एकदाच लग्न करून संसार केलेल्यांना होतो, यात कुणाचा गुन्हा शोधू नका. पण सुधींद्र म्हणाला, “आत्या, माझी आई देवळाशिवाय कुठं गेली नाहीं. तिला तसलं दुखणं होतं असं तू म्हणतेस, म्हणजे तू तिला काय म्हणतेस?”

आणि तिथे वसंताबाईंचा बांध फुटला.

“तुझ्या आईला मी काहींच म्हणत नाहीं. तिला कुठून आलं तें तुझ्या बापास विचार. रेल्वेच्या नोकरींत तोच गावोगाव हिंडला.”

आतल्या खोलीतून व्यासराजांच्या जपाचा आवाज थांबला. सुधींद्र उठला, दार उघडलं आणि दाराला हात लावून उभा राहिला. वसंताबाई खाली उतरल्या. जिना उतरतानाच त्यांना कळलं होतं की आपण घात केला. खरं-खोटं कुणालाच कळणार नव्हतं, अलमेलूंनाही नाही. पण आता लस घेणं म्हणजे आईला नाहीतर बापाला दोषी ठरवणं, असं होऊन बसलं होतं. कुठला मुलगा ते करील? त्या परतीच्या बसमध्ये कंडक्टरशी सुट्यावरून भांडल्या, आणि उतरल्यावर त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

आठवड्यानं त्यांच्या दारात कल्पना उभी राहिली. ही सुधींद्रची बायको, सोलापूरची, शाळेत गणित शिकवणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिची मराठी ऐकून इथले लोक हसायचे आणि यांची ऐकून ती. पंधरा वर्षांत तिनं या घरात वर तोंड करून उत्तर दिलेलं वसंताबाईंना आठवत नव्हतं, आणि त्यामुळे वसंताबाईंना ती जरा मेंगळटच वाटायची. कल्पनानं पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि सांगितलं की घरात विषय बंद झालाय, यांनी शपथ घातलीय. पण नित्याला लस द्यायची. हळदीकुंकवाच्या दिवशी खुर्चीवरचं एक पत्रक तिनं उचलून नेलं होतं.

“आत्या, मी विचार केलाय,” ती म्हणाली. “फ्लॅटमध्ये दूर बसायला जागा नाही. मामंजी नेहमी म्हणतात, विटाळ शाळिग्रामाला बाधतो. मी म्हणेन, नित्याचं सोवळं कडक पाळायचं. त्या तीन दिवसांसाठी तिला तुमच्याकडे पाठवते. तिथं पडवी आहेच.”

वसंताबाईंच्या लगेच ध्यानात आलं. दूर बसलेल्या पोरीला कुणी शिवत नाही. ती कुठे गेली, कुणी विचारत नाही. तिचा दंड सुजलाय का, ताप आलाय का, हे बघायला बाप जवळ येत नाही, आजोबा तर उंबरठाही ओलांडत नाहीत. ज्या रूढीनं राजसबाईंना मारलं तिच्याच आडून त्यांच्या नातीला वाचवायचं. युक्ती बिनतोड होती, आणि ती ऐकून वसंताबाईंना इतका संताप आला की त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. अकरा वर्षं त्यांनी त्या पडवीत कुणाला बसू दिलं नव्हतं. कामवालीला चार दिवसांतही मुद्दाम देवघराचा दिवा लावायला सांगायच्या. आणि आता जगाला दाखवायला तीच चटई पुन्हा अंथरायची?

कल्पनानं त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली की आत्या, तिन्ही इंजेक्शनं होईपर्यंत तुम्ही गप्प राहायचं. सहा महिने. मग काय हवं ते बोला. एवढं जमेल का?

वसंताबाईंना लॉरीवाल्यासमोर सहा मिनिटं गप्प बसणं जमत नव्हतं. त्या हो म्हणाल्या.

सुधींद्रचा राग होता, पण शाळिग्रामाचं नाव घेतल्यावर व्यासराजांनीच परवानगी दिली, आणि मार्चच्या मध्यात नित्या पहिल्यांदा दूर बसायला आली. हातात शाळेची बॅग, तोंड वाकडं. वसंताबाईंनी तिला आधी लोणच्याच्या बरणीत हात घालायला लावला, मग तुळशीला पाणी, मग देवासमोर उदबत्ती. नित्याला हे फार गमतीचं वाटलं. मग तिला समोर बसवून दोघींनी सगळं सांगितलं, आजी कशानं गेली तेही. नित्यानं विचारलं, मग आजीला डॉक्टरकडे का नेलं नाही? कल्पनानं वसंताबाईंकडे पाहिलं. वसंताबाई म्हणाल्या, कारण ती दूर बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिघी एग्मोरला गेल्या. अलमेलूंनी नित्याला नीट समजावलं, मग दंडात सुई. लस महाग होती, ती वसंताबाईंच्या पेन्शनमधून आली. अलमेलूंनी कल्पनालाही आत बोलावून तपासणी करून घेतली. लस घेतली म्हणजे जन्माची सुटका नव्हे, नित्यानंही पुढे वयानुसार तपासत राहायचं, आणि अवेळी रक्त दिसलं तर चटई नाही, दवाखाना, असं त्यांनी तिघींनाही सांगितलं. परतताना नित्यानं रोझ मिल्क मागितलं आणि दंड दुखतोय म्हणून डाव्या हातानं प्यायली.

मेमध्ये दुसरं. तेव्हा व्यासराजांनी हरकत घेतली की पोरीचं तर गेल्या पंधरवड्यातच झालं होतं. कल्पना म्हणाली, या वयात मागेपुढे होतं. ते त्यांना पटलं. हे कळल्यावर वसंताबाईंनी हातातली पळी ओट्यावर आपटली. नातीचे दिवस या माणसाला पाठ होते. बायको वर्षभर रक्तात बसली होती, तेव्हा हा हिशेब कुठे गेला होता? त्यांना फोन उचलून हे भावाला विचारायचं होतं. एक्स्चेंजमध्ये असताना त्यांनी लोकांची असली भांडणं हजारदा जोडून दिली होती. पण त्यांनी फोनकडे पाठ फिरवली आणि भांडी घासायला घेतली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या लोकांना वाटलं, बाईंची तब्येत बरी नसावी, ओरडत नाहीत.

भाऊ मात्र खूश होता. फोन करून म्हणाला की सुनेनं वळण चांगलं ठेवलंय. राजसबाईच्या ताटातच वाढत जा पोरीस, तिला आजीचा आशीर्वाद लागेल. वसंताबाई कुंडीखालच्या ताटाकडे बघत बरं म्हणाल्या.

सप्टेंबरात पितृपक्ष आला आणि त्यात अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या भाग्यवान बायकांचा दिवस. अण्णा नगरला राजसबाईंच्या नावानं सवाष्ण जेवायला बोलावली होती, चंद्रमौळींची बायको अंबुजाबाई. फार बोलणारी नव्हे, दोन नाती असलेली. वसंताबाईंना बोलावणं गेलं ते कल्पनाच्या आग्रहामुळे. सुधींद्र त्यांच्याशी बोलला नाही, पण पान मांडलं. तिसरं इंजेक्शन दोन दिवसांवर आलं होतं.

जेवण झाल्यावर अंबुजाबाईंना साडीचोळी दिली, ओटी भरली. चंद्रमौळी विडा चघळत म्हणाले की कैसं सोन्यासारखं मरण आलं राजसबाईस. पोटाच्या दुखण्याचं निमित्त, पण कुंकवासहित गेली. व्यासराजांनी डोळे पुसले. खरंच पुसले, ढोंग नव्हतं ते, आणि त्याचाच वसंताबाईंना सगळ्यात जास्त राग आला. या माणसाला बायकोची आठवण येत होती, तिच्या नावानं परक्या बाईला पंचपक्वान्नं वाढून तो रडत होता, पण ती पलीकडे तीन हातांवर मरत असताना त्यानं तिला शिवलं नव्हतं. भाग्यवान म्हणे. त्यांच्या ओठांवर शब्द आला. समोर कल्पना पानं उचलत होती, तिनं नुसती मान हलवली. वसंताबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पायसमचं मोठं पातेलं चिंचेनं इतकं घासलं की मनगट भरून आलं.

दोन दिवसांनी तिसरं झालं. अलमेलूंनी दंडावर कापूस दाबला आणि म्हणाल्या, मुडिंजदु, संपलं. वसंताबाईंनी नित्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सहा महिने गिळलेला राग एकदम कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. आता बोलायला मोकळ्या होत्या, पण कुणासमोर बोलायचं, कसं, काही सुचेना. कल्पनानं मात्र एवढंच म्हटलं की नित्याची काळजी मिटली, बाकीच्यांच्या पोरींचं काय ते तुम्ही बघा.

त्याच आठवड्यात नवरात्र. अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये कोलू मांडला होता, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. नित्यानं बाहुल्या आपल्या हातानं लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समाजाच्या बायका हळदीकुंकवाला जमल्या. सतरंजीवर पंधरावीस जणी, अंबुजाबाई पुढे, वसंताबाई कोपऱ्यात. सुधींद्र दाराशी पाहुण्यांच्या चपला चुकवत उभा. व्यासराज देवघरात.

आणि नित्याला तेव्हाच कावळा शिवला. या वेळी खरोखरचा. ती न्हाणीघरातून बाहेर येऊन आईच्या कानात सांगायला गेली, पण व्यासराजांनी पाहिलं आणि ओळखलं; आठवड्यात दुसऱ्यांदा कसं, हा हिशेब त्या घाईत त्यांना सुचला नाही. त्यांनी तिथूनच सांगितलं, कोलूपासून लांब हो, बाहुल्यांना शिवूं नको. सुधींद्र, हिला बेगी गाडींतून तिरुवल्लिकेणीस सोड. बायकांनी आपापले पदर आवरून घेतले. सुधींद्रनं किल्ली शोधायला खिशात हात घातला.

नित्या जागची हलली नाही. पोटात दुखत होतं, नवी पावडै, रेशमी परकर, नेसलेली, मैत्रिणी खालून यायच्या होत्या. तिनं आपल्या तमिळ वळणाच्या मराठीत आजोबांना सरळ सांगून टाकलं.

“मी जाणार नाहीं, ताता. आत्याआजीकडं दूर बसायला नव्हे जात होतें. इंजेक्शनास जात होतें. तीं तिन्ही झालीं की आतां.”

कुठलं इंजेक्शन, असं सुधींद्रनं विचारलं. आवाज अगदी हळू होता. कल्पना पुढे व्हायला निघाली, पण त्याआधी वसंताबाई कोपऱ्यातून उठल्या. बायकांना वाटलं, आता ही बाई छप्पर उडवणार. सुधींद्रलाही तेच वाटलं असणार, तो मागे सरकला. वसंताबाई नित्याजवळ गेल्या, तिला आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं, सगळ्यांमध्ये, आणि तिचा हात हातात धरून बोलल्या. बोर्डावर बसून नंबर सांगावा तसं, एकेक शब्द सुटा.

“राजसबाईस पोटांत गाठ नव्हती. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. वर्षभर रक्त जात होतं, आणि आम्हीं अस्क्यांनी, सगळ्या घरानं, तिला मागल्या पडवींत दूर बसवलं. डॉक्टरकडे नेलं नाहीं. तिचा दोष नव्हता. अण्णाचा, माझ्या भावाचा, नव्हता, तें मी बोलले तें चुकलं. तो विषाणू कुणासही होतो. पण न नेणं आणि न सांगणं, तें आमचं.” मग त्या सुधींद्रकडे वळल्या. “तुझ्या लेकीला लस मी दिली. तुझ्या बायकोनं आणि मी.”

सुंडलच्या वाट्या हातात घेऊन बायका बसल्या होत्या. कुणी खाईना, कुणी खाली ठेवीना. सुधींद्रनं किल्ली खिशातून काढली, पुन्हा आत टाकली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. देवघरात व्यासराज खाली बसले ते आवाजावरून कळलं. ते बाहेर आले नाहीत, पण नित्याला उठ असंही म्हणाले नाहीत. कल्पनानं मुलीला गरम पाण्याची पिशवी आणून दिली, तिथेच, कोलूसमोर.

मग जो तो निघाला. घाईघाईनं कुंकू लावून, विड्याचं पान पदरात घेऊन, घरी काम आहे म्हणत. उद्या तंजावरपर्यंत फोन जाणार होते, नित्याची पत्रिका चार घरांतून परत येणार होती, आणि वसंताबाईंना मंडळातून काढणार होते. हे सगळं त्यांना चपला शोधणाऱ्या त्या बायकांच्या पाठीवरून वाचता येत होतं. अळीमिळी गुपचिळी करून जन्म काढलेल्या बायका. वसंताबाईंचा राग पुन्हा चढू लागला आणि त्यांना बरंही वाटलं, सहा महिन्यांनी.

अंबुजाबाई सगळ्यात शेवटी राहिल्या. कुंकू लावून घ्यायला त्या वाकल्या आणि वसंताबाईंच्या कानाशी पुटपुटल्या, इतकं हळू की शेजारच्या कल्पनालाही ऐकू आलं नाही. माझी थोरली बहीण पण तशीच गेली, त्या म्हणाल्या. दोन नाती हायेत माझ्या. एग्मोरला त्या डॉक्टरणीचा दवाखाना कुठं?

वसंताबाईंनी कुंकवाचं बोट मागे घेतलं.

“मोठ्यानं विचार,” त्या म्हणाल्या.

अंबुजाबाईंनी दाराकडे पाहिलं. लिफ्टपाशी चंद्रमौळी त्यांची वाट बघत उभे होते, दार हातानं अडवून. चार बायका अजून जिन्यावर होत्या. अंबुजाबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला, आणि जिन्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं.